उजव्या बटणाची तार

मी आयुष्यात पुष्कळ माणसांना मारलं आहे आणि पुष्कळांचा मार खाल्ला आहे. बांधावरून, पाण्यावरून, बाजारात धक्का लागला म्हणून. त्यातल्या बहुतेकांचं मला आज काही वाटत नाही. पण एका माणसाचा जबडा मी मोडला, आणि तो उगाच मोडला हे मला महिनाभरानं झुरळाएवढ्या एका काळ्या चौदा पायांच्या वस्तूनं दाखवून दिलं. तेवढं लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा जसं येईल तसं.

माझं गाव पेडगाव. सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी गठाण बांधायच्या प्रेसवर मिस्तरी होतो. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं, असं तीस-बत्तीस वर्षं. प्रेस म्हणजे लोखंडाची उभी पेटी. तिच्यात रुई भरायची आणि वरून दट्ट्या आणायचा. खोलीभर रुई दाबून तो दट्ट्या तिची लाकडी पेटीएवढी गठाण करतो. दबलेल्या रुईभोवती पट्ट्या आवळल्या की गठाण बाहेर. रुईची जी गत होते तीच मधे आलेल्या हाताची होते. रुई निदान पुन्हा फुगते.

म्हणून दट्ट्याला दोन बटणं. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे दोन हातांचं अंतर. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच दट्ट्या खाली येतो. चालवणाऱ्याचे दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात पेटीत नाही, असा हिशेब.

हे मला शिकवलं माझ्या उस्तादानं. तो हैदराबादेकडून आलेला, तोंडात सदा सुपारी, हातात सदा पाना. मी तेव्हा पंचविशीतला, दोन लेकरांचा बाप, तरी त्याच्या हातचे पाने खाल्ले. जुन्या पेटीत सगळं तारांचं आणि चुंबकाच्या स्विचांचं काम होतं. दोन स्विच एकामागे एक जोडले तर दोन्ही लागल्याशिवाय वीज पुढं जात नाही. दोन स्विच शेजारी शेजारी जोडले तर कुठलंही एक लागलं तरी जाते. आणि एक स्विच उलटा असतो, त्याला वीज दिली की तो तोडतो, काढली की जोडतो. उस्ताद म्हणायचा, दुनियेतली सगळी मशीनं या तीन गोष्टींवर चालतात.

मी ते माझ्या घरावरून पाठ केलं. माझे दोन चुलते होते. त्या दोघांचं एकमत झालं तरच आमच्या घरातून काठ्या निघायच्या. एकटा कितीही बोंबलला तरी दुसरा बसून राहायचा. तो झाला पहिला प्रकार. माझ्या मामाकडं उलट, कुणाही एकाला शिवी बसली की सगळं घर कुऱ्हाडी घेऊन बाहेर. तो दुसरा. आणि तिसरा माझा बाप. मार म्हणलं तर मारणार नाही, नको मारू म्हणलं की समोरच्याचं डोकं फुटलंच. उस्तादाला हे सांगितलं तर तो इतका हसला की सुपारी घशात अडकली, आणि मग हसवलं म्हणून पाठीत पाना घातला.

त्याची एक रीत होती. पेटीत पट्टी अडकली, हात घालायची वेळ आली, की आधी उजव्या बटणाची तार काढायची. तार निघाली की पहिल्या प्रकाराची साखळी तुटली, यंत्र मेलं. "पहले तार, बाद में हात." एकदा मी तार न काढता हात घातला. त्यानं मागून माझं मनगट धरलं, हात तसाच पेटीत दाबून ठेवला, दुसऱ्या हातानं दट्ट्याला जोर देणारा पंप चालू केला आणि मोजायला लागला. पन्नासपर्यंत मोजलं. डोक्यावर दट्ट्या थरथरत होता. माझी विजार ओली झाली, सगळ्यांनी बघितलं. त्या दिवसापासून तार काढल्याशिवाय मी हात घातला नाही आणि कुणाला घालूही दिला नाही. उस्ताद गेला, रीत माझ्याकडं राहिली. तीस वर्षांत माझ्या प्रेसवर कुणाचं नख गेलं नाही. याचा मला माज होता. असायलाच पाहिजे होता.

मग मालकानं जुनी पेटी काढून नवी बसवली. फिटर पूर्णेचा होता, चाळिशीतला, बाप रेल्वेत खलाशी. अंगानं काटकुळा, बोलणं हळू. त्यानं वहीएवढं एक हिरवं कार्ड आणलं. त्यावर ते काळे चौदा पायांचे किडे. मला म्हणाला, "मिस्तरी, तुमच्या स्विचांचंच काम हे करतंय. याला गेट म्हणतेत. दोन्ही बटणं असली तरच होय म्हणणारं एक, कुठलं बी एक असलं तरी होय म्हणणारं दुसरं, अन् उलटं करणारं तिसरं."

मी म्हणालो, "मग नवं काय केलंस? माझ्या चुलत्यांना डबीत भरलंस व्हय?"

त्याला चुलते कळले नाहीत. पेटीचं झाकण लावता लावता म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. कार्डाच्या तारंला हात लावू नका. हात घालायचा असला तर मेन बंद करा. मेनच."

"तू चड्डीत होतास तेव्हापासून तारा काढायलोय मी."

"ते जुन्याचं होतं, मिस्तरी."

"वीज जुनी-नवी असती का? तार तुटली की वीज गेली. शीक जरा."

तिथं आम्ही दोघंच होतो. तो आणखी काहीतरी सांगणार होता, मी वळून चालायला लागलो. मेन स्विच शेडच्या त्या टोकाला होता. तो बंद केला की सगळे रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, थांबतात आणि मालक ओरडत येतो. मी तार काढायचं सोडणार नव्हतो.

माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, माझ्याच हाताखाली प्रेसवर होता. मीच लावला होता त्याला. आडदांड माणूस, एकटा गठाण लोटायचा. हंगाम जोरात होता तेव्हाची गोष्ट. दुपारी पट्टी आत अडकली. दट्ट्या वर, पंप चालू. मी झाकण उघडलं, कार्डावरची उजव्या बटणाची तार काढली, बाजूला वाकवून ठेवली आणि ओरडलो, "मेलंय! घाल हात!"

"दाजी, नक्की ना?" तो दरवेळी असंच विचारायचा. चेष्टेत.

"न्हाई, तुझ्या बहिणीला विचारून ये."

तो हसला. उजवा हात खांद्यापर्यंत पेटीत घातला, पट्टीला झटका द्यायला वाकला, आणि जोर यावा म्हणून डावं कोपर खांबावर टेकवलं. त्या खांबावर डावं बटण होतं.

दट्ट्या आला. आवाज रुई दबल्याचाच झाला, मऊ. मग तो किंचाळला. मी अशी किंकाळी डुकराच्या शिकारीतसुद्धा ऐकली नव्हती. पांढऱ्या रुईतून लाल पसरायला लागलं, रुई ते पीतच गेली. माझं डोकं एवढंच म्हणत होतं की यंत्र मेलंय, वर घ्यायचं तर आधी जिवंत करावं लागेल. मी ती तार परत कार्डात खुपसली, मग वर घ्यायचं बटण दाबलं. दट्ट्या वर गेला. मेव्हण्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत होता आणि नव्हता.

त्याला जीपमध्ये घालून परभणीला नेलं. हात कोपराच्या वर कापला.

चौथ्या दिवशी फिटर जिनिंगवर आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, फोनवर बातमी कळल्यावर तो आपण होऊन आला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. जिनिंगच्या फाटकापाशी हमालांनी त्याला धरलं. मी शेडमधून पळत गेलो. त्यानं माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, "मिस्तरी, तार काढली होती का?"

मला वाटलं, हा त्याच्या सडक्या कार्डाचं पाप माझ्यावर ढकलायलाय. मी पट्टी कापायची लोखंडी कातर उलटी धरून त्याच्या तोंडावर मारली. हाड मोडल्याचं हाताला कळतं. तो पडला तर मी छातीवर बसलो आणि मारत राहिलो. बाकीच्यांनी लाथा घातल्या. त्याचे दोन दात माझ्या अंगठ्यात रुतले होते, त्याचा वण अजून आहे. मला त्या वेळी बरं वाटत होतं हे खोटं बोलून काही उपयोग नाही. लय बरं वाटत होतं.

पोलीस आले, जबाब घेतले. जमादारानं विचारलं, "फिटरनं काही खबरदारी सांगितली होती का?" मी म्हणालो, "काय बी सांगितलं न्हाई." तारेचं तर कुणी विचारलंच नाही, ती जागेवर होती. आणि मला तरी सांगायचं काय होतं? तार काढली की यंत्र मरतं. मग मेलेलं यंत्र खाली आलं तर दोष त्याच्या कार्डाचाच. मी मनापासून असं मानत होतो. मारहाणीत सगळे होते, म्हणून कुणीच नव्हतं. फिटरवर मात्र गुन्हा लागला, आणि सरकारी साहेबाची चौकशी लागली. त्या चौकशीत कार्ड सदोष ठरलं की त्याचं काम कायमचं बंद, वर तुरुंग.

मालकानं ते कार्ड पोत्यात टाकलं होतं. मी ते घरी आणलं. चौकशीत साहेबासमोर ते सदोष आहे हे मला स्वतः सिद्ध करून दाखवायचं होतं. आमच्या गल्लीपलीकडं एक मॅडम राहतात, परभणीला पोरांना इलेक्ट्रॉनिक शिकवतात. बौद्धांचं घर. त्यांच्या वडलांशी माझी एकदा हाणामारी झालेली, आणि त्या घरात मी कधी पाणी घेतलेलं नव्हतं. कार्ड काखेत घेऊन मी ओसरीत उभा राहिलो.

"यातलं सडकं कोणतं ते दाखवा," मी म्हणालो.

मॅडमनी कार्ड उलटसुलट बघितलं. "काका, सडकं हाय हे आधीच ठरवून आलात का?"

"माझ्या मेव्हण्याचा हात गेलाय."

त्यांनी आतून एक पांढरी पट्टी आणली, तिला नुसती भोकं. कार्डावरचा किडा काढून तिच्यात बसवला. मला म्हणाल्या, तुम्हीच जोडा. चौदा पाय. एका पायाला वीज, एक पाय जमिनीला, म्हणजे अर्थिंगच्या तारेला. उरले बारा. त्यात चार गेटं, एकेकाला तीन पाय. दोन पायांनी विचारायचं, तिसऱ्या पायानं ते उत्तर देतं. उत्तराच्या पायाला मुगाएवढा लाल दिवा लावला. होय म्हणजे पाच व्होल्टच्या तारेला पाय जोडायचा, नाही म्हणजे जमिनीच्या तारेला.

दोन्ही पाय जमिनीला, दिवा बंद. एक वर एक खाली, बंद. पाय बदलले, बंद. दोन्ही वर, दिवा लागला.

"कार्ड बरोबर हाय," मॅडम म्हणाल्या.

"ह्ये तर माझे चुलते हायेत," मी म्हणालो. "मग दट्ट्या आला कसा?"

"त्या वेळी काय काय झालं ते सगळं करून बघा."

मी डावं बटण दाबल्यासारखा एक पाय वर लावला. उजवं सुटलेलं, म्हणून दुसरा पाय जमिनीला. दिवा बंद. मग मी उस्तादाची रीत केली. दुसऱ्या पायाची तार ओढून काढली आणि टेबलावर ठेवली.

दिवा लागला.

मी तार परत जमिनीला लावली. विझला. काढली. लागला. मी दुसऱ्या गेटवर केलं, तिसऱ्यावर, चौथ्यावर. मॅडमनी त्यांच्या डबीतला कोरा किडा दिला, त्यावर केलं. प्रत्येकाचं तेच. मी ती भोकांची पट्टी उचलली आणि उंबऱ्यावर आपटली, मग पायातल्या बुटानं चिरडली.

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "फोडल्यानं उत्तर बदललं का?"

"तार काढल्यावर यंत्र मरतंय! तीस वर्षं!"

"तुमच्या जुन्या पेटीत तारेतून वीज वाहत पुढं जायची, काका. तार गेली की वीज गेली. हे वीज वाहून नेत न्हाई, हे विचारतंय. अन् या जातीच्या किड्याला 'नाही' हे सांगावं लागतंय. तार जमिनीला नेऊन पाय खाली ओढावा लागतोय. नुसता रिकामा सोडलेला पाय त्यो 'होय' धरतोय. जमिनीला ओढणारा रेझिस्टर यांनी बटणाच्या टोकाला लावलाय, कार्डावर न्हाई. म्हंजे तार काढली की त्यो बी गेला. कुणी कार्डापाशी तार काढली होती का?"

मी त्यांच्या ओसरीत बसलो. त्यांच्या आईनं तांब्या पुढं केला. मी पाणी प्यालो.

म्हणजे मी यंत्र मारलं नव्हतं. मी एक बटण कायमचं दाबून ठेवलं होतं आणि मग माझ्या माणसाला हात घाल म्हणून ओरडलो होतो.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली, आणि काठवट उचलून माझ्या डोक्यात घातली. पिठासकट. भुवई फाटली. मग तिनंच पदरानं रक्त दाबून धरलं आणि म्हणाली, "भायेर बोलू नगा. त्यो तुमचा जीव घील. मला माहीताय माझा भाऊ."

"अन् त्यो फिटर?"

"त्यो आपला कोण लागतोय?"

दोन रात्री मी माझ्याशीच भांडलो. चुकलो हे सांगणं मला कधी जमलेलं नाही; माझ्या लेकाची मी याच कारणानं आठ वर्षं भेट घेतली नव्हती. आणि ही चूक लहान नव्हती.

चौकशी जिनिंगच्या ऑफिसात झाली. साहेब टेबलापाशी. मालक, चार हमाल, मी. मेव्हणा डाव्या बाजूला, उजवी बाही पिनेनं वर टाचलेली. फिटर समोर, जबडा तारेनं बांधलेला. तो दातांच्या फटीतून बोलायचा, पाच शब्दांना लाळ पुसायचा. तारेला हात लावू नका असं त्यानं मला बजावलं होतं, हे त्यानं सांगितलं. साहेबानं माझा जुना जबाब वाचून दाखवला. काही सांगितलं नव्हतं म्हणून.

मेव्हणा फिटरला म्हणाला, "थोबाड मोडलं तरी खोटं बोलायलास व्हय रे? दाजींनी राह्यलेलं बी मोडायला पायजे होतं."

साहेबानं पेन उघडलं. "आणखी कुणाला काही सांगायचंय? नाही ना? मग सगळ्यांना मान्य आहे असं लिहितो."

"थांबा," मी म्हणालो.

बसून बोललो असतो तर बोललोच नसतो, म्हणून उभा राहिलो. "त्यानं मला सांगितलं होतं. तारंला हात लावू नका, मेन बंद करा. मी ऐकलं न्हाई. उजव्या बटणाची तार मी काढली. हात घाल म्हणून मीच ओरडलो. दट्ट्या वर घेताना तार मीच परत लावली, म्हणून तुमाला दिसली न्हाई. कार्ड बरोबर हाय. मी तपासलंय, सोळा येळा."

मेव्हणा माझ्याकडं बघत राहिला. त्याला समजायला जेवढा वेळ लागला, तेवढा लांब वेळ मी आजवर कधी काढलेला नाही.

"दाजी," तो म्हणाला, "मी इच्यारलं होतं तुमाला. नक्की ना म्हणून."

"इच्यारलं होतंस."

खिडकीत हमालाचा आकडा होता, पोतं ओढायचा. त्यानं डाव्या हातानं तो उचलला. डाव्या हातानं मारायची त्याला सवय नव्हती, म्हणून पहिला वार खांद्यावर बसला आणि आकडा हाडाला घासून निघाला. दुसरा कानावर. मी हात वर केले नाहीत. मला मारामारी येते, मी त्याला एका हिसक्यात खाली घेतलं असतं, त्याला तर एकच हात होता. तिसऱ्या वाराला हमालांनी त्याला मिठी मारली. तो त्यांच्यातून लाथा झाडत होता आणि रडत होता, आणि माझ्या आईवरून, बहिणीवरून, शेवटी स्वतःच्याच बहिणीवरून शिव्या देत होता. फिटर खुर्चीत बसून होता. तो मधे पडला नाही. त्यानं पडायचं काही कारणही नव्हतं.

साहेबानं विचारलं, पोलिसात कळवू का. मी म्हणालो, आधी माझं लिहून घ्या. शर्टाची डावी बाजू पूर्ण भिजली होती. मी जबाबाखाली सही केली. मला सही येते, अंगठा मी कधी दिला नाही.

दवाखान्यात नेण्यासाठी बाहेर ओट्यावर बसवलं होतं तेव्हा फिटर आला. शेजारी बसला. बराच वेळ रुमालानं तोंड पुसत राहिला. मग दातांतून म्हणाला, "त्यो रेझिस्टर मी कार्डावर लावायला पायजे होता. मला कळायला पायजे होतं, कुणीतरी तार काढणार. ते मी आत सांगितलं न्हाई."

"मग जाऊन सांग की."

"सांगतो. मी म्हणतो, थोडी माझी बी..."

"तुझं तू तुझ्या कागदावर लिही," मी म्हणालो. "माझ्यातला वाटा मागू नको."

तो उठला आणि आत गेला. त्याचं नाव चौकशीतून सुटलं, एवढं मला पुढं कळलं. मेव्हणा तेव्हापासून आमच्या घरी आलेला नाही. दिवाळीला बायको एकटी माहेरी जाते. मी तिला स्टेशनपर्यंत सोडतो, तिथून परत फिरतो.